कोळशाचं वर्तुळ

मी छत्तीस वर्षं वीजखात्यात वायरमन होतो. खांबावर चढलो, भर पावसात तारा जोडल्या, दोनदा शॉक खाऊन खाली आलो आणि तिसऱ्या दिवशी परत कामावर हजर झालो. त्यामुळं उजेडाच्या बाबतीत मला कुणी काही सांगायला लागलं की माझं डोकं सटकायचं. समोरचा माणूस कोण आहे, आपल्यापेक्षा थोरला आहे का, काही बघायचो नाही. या तोऱ्यापायी माझ्या हातून एक गोष्ट घडली, ती लिहून ठेवतोय. घरात ऐकायला दुसरं कुणी नाही, म्हणून लिहायचं.

आमचं गाव कोयनानगरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर. माझ्या अंगणातून समोर बघितलं की मध्ये खोल ओढा आणि पलीकडच्या उतारावर दुसरं गाव. त्या गावातलं सगळ्यात खालचं घर माझ्या थोरल्या बहिणीचं. मी तिला आक्का म्हणतो. लग्न होऊन ती तिकडं गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि दारात बसून भोकाड पसरलं होतं. आई म्हणाली, “रडतोस कशाला, ते बघ तिचं घर हितनं दिसतंय.” दिसायचं खरं. पण जायचं म्हटलं की रस्त्यानं दोन एसट्या बदलून अर्धा दिवस मोडायचा, नाहीतर पायवाटेनं ओढ्यात उतरून पुन्हा वर चढायचं, आणि त्याला गुडघे शाबूत लागतात.

आमच्याकडं जमीन हलते. बाहेरच्या लोकांना त्याचं फार अप्रूप. आम्ही काचेचे पेले फळीच्या कडेला ठेवत नाही, एवढंच. धक्का बसला की माणसं अंगणात येतात, पोरंबाळं जवळ घेतात, आणि समोरच्या डोंगरावर ज्याचं कुणी असेल तो तिकडं उजेड दाखवतो. तीनदा. म्हणजे आम्ही बरे आहोत. तिकडूनही तीनदा उजेड आला की मग घरात जायचं. माझ्या लहानपणी आई पेटती चूड ओवाळायची, पुढं कंदील आले, मग बॅटऱ्या. हातात धरायच्या टॉर्चला आमच्याकडं बॅटरीच म्हणतात, आणि आत घालायचे ते सेल.

माझी बायको जाऊन नऊ वर्षं झाली. लेक नाशिककडं सासरी आहे, रविवारी फोन करते, मी बरा आहे म्हणतो, ती बरं म्हणते. बायकोचं दिवसकार्य झाल्यावर आक्का तिच्या गावाला परत निघाली तेव्हा ती उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, “धक्का बसायची वाट कशाला बघायची? रोज दिवेलागणीला बॅटरी दाव. मीबी दावते. तू हाईस एवढं कळलं म्हंजी माजी भाकरी घशाखाली उतरंल.”

तिचा नवराही आधीच गेलेला. मुलगा इस्लामपूरला साखर कारखान्यात नोकरीला, तिकडंच बिऱ्हाड. त्यानं तिला मोबाईल घेऊन दिला होता, पण तिच्या घरात रेंजचा पत्ता नव्हता. तिनं तो साडीत गुंडाळून पेटीत ठेवून दिला होता.

मग मी बाजारातून दोन बॅटऱ्या आणल्या. एकाच कंपनीच्या, निळ्या, तीन सेलच्या, एलईडीच्या. एक तिला, एक मला. ह्याच्यात बल्ब नाही, बल्ब जायची भानगड नाही, जन्मभर अशीच जळणार, असं मी तिला ठासून सांगितलं. लाईट गेली की घरातही हीच तासन्‌तास जळणार, म्हणून सेल कधी बदलायचे तेही ठरवून दिलं. दसऱ्याला आणि पाडव्याला, सेल संपो न संपो, नवे घालायचे. ती हसून म्हणाली, “व्हय सायेब.”

तेव्हापासून माझा सगळा दिवस त्या वेळेकडं लागलेला असायचा. सूर्य डोंगराआड गेला, अजून पुरता अंधार नाही, अशा वेळेला मी अंगणात उभा राहायचो. तीनदा बटण दाबायचो. समोरून तीनदा उजेड यायचा. झालं. आत येऊन भात टाकायचा. दिवसभरात मला कुणी विचारलेला तो एकच प्रश्न असायचा आणि मी दिलेलं ते एकच उत्तर. पावसाळ्यात तीन महिने धुक्यात काही दिसायचं नाही. ते तीन महिने मी भिंतीशी भांडत काढायचो. गणपती उठले, धुकं विरळ झालं, की पहिला उजेड दिसायचा आणि मला त्या दिवशी दोन भाकरी जास्त जायच्या.

आता माझी हुशारी सांगतो. बॅटरी नीट चालते का, हे तपासायची मी पद्धत काढली होती. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं, बॅटरी चौकटीला टेकवून धरायची आणि समोरच्या भिंतीवर उजेड पाडायचा. नवी आणली त्या दिवशी त्या उजेडाच्या कडेनं मी चुलीतल्या कोळशानं वर्तुळ काढून ठेवलं. दर दसऱ्याला, दर पाडव्याला सेल बदलले की तपासणी. वर्तुळ काठोकाठ भरलं की बॅटरी पास. आठ वर्षं वर्तुळ भरत होतं. लेक आली तेव्हा भिंतीला चुना मारू या म्हणत होती, तिला मी त्या भिंतीला हात लावू दिला नाही. खातं सोडलं तरी आपलं मोजमाप चोख आहे, असं मला वाटायचं.

समोरचा आक्काचा उजेडही चांगला दिसायचा. फरक एवढाच की तो खाली खाली येत होता. पहिली दोन वर्षं तो तिच्या अंगणातूनच यायचा. मग पावसाळा संपल्यावर बघतो तर तो अंगणाच्या खालच्या फणसाजवळून आला. आणखी दोन वर्षांनी भाताच्या खाचरांतून. मग खाचरांच्याही खालून. मला वाटलं, बाईमाणूस आहे, काम करता करता असेल तिथून दाखवत असेल.

तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेला मी तिच्याकडं गेलो होतो. ओवाळून झालं, ताटात करंज्या होत्या, आणि मी विषय काढला. म्हटलं, “आक्का, तू खाचरात कशाला उतरतीस बॅटरी दाखवायला? अंगणात काय झालं?”

“फणस लय वाढलाय. आडवा येतोय,” ती म्हणाली.

“मग फांद्या तोड की.”

“फणसाच्या फांद्या कोण तोडतं रं सुखासुखी.” मग माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, “तुजी बॅटरी बरी हाय न्हवं?”

“तिला काय धाड भरलीय?”

“न्हाई, बारीक दिसती. आदी अशी दिसत न्हवती.”

झालं, माझं टाळकं फिरलं. करंजी ताटात टाकली आणि म्हटलं, “मी छत्तीस वर्षं उजेडाचं काम केलं. माझं वर्तुळ भरतंय. बॅटरीला काही झालेलं नाही, तुझे डोळे गेलेत. डोळे तपासून घे.” एवढ्यावर मी थांबायला हवं होतं, पण मला कुठं थांबता येतं. पुढच्या महिन्यात कोयनानगरला डोळ्यांचं शिबिर होतं. मी स्वतः जाऊन तिचं नाव घातलं, तिला घेऊन गेलो, दोन तास रांगेत बसवलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं नजर उत्तम आहे, जवळचं वाचायला चष्मा लावा. आक्काला वाचता येत नाही. तो चष्मा तिनं मोबाईलशेजारी पेटीत ठेवला असणार. बॅटरीचा विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही.

गेल्या मार्गशीर्षात एका दुपारी धक्का बसला. लहानसाच, फळीवरचे पेले वाजले आणि गप्प झाले. मी अंगणात आलो, पण लख्ख ऊन होतं, बॅटरी दाखवून उपयोग नव्हता. दिवेलागणीला दाखवली. तीनदा. समोरून काही नाही. पुन्हा तीनदा. काही नाही. माझा स्वभाव असा की भीती वाटली की आधी राग येतो. मनात म्हटलं, धक्का बसलेल्या दिवशीच हिला आळस करायचा असतो. पुरता काळोख होईपर्यंत मी बटण दाबत राहिलो. शेजारच्या घराला कुलूप आहे, ते लोक ठाण्याला असतात. बोलायला, ‘काय झालं असेल हो’ एवढं विचारायलाही कुणी नव्हतं.

भात खाली लागला होता. तेवढ्यात भाच्याचा फोन आला. “मामा, आई पडली. खुब्याचं हाड मोडलंय. गावातल्या लोकांनी घोंगडीची झोळी करून वर रस्त्याला आणली. मी गाडी घिऊन निघालोय, कराडला नेतो.”

“कुठं पडली?”

“खाली, पार ओढ्याच्या अंगाला. बांधाच्या खाली खडक हाय तितं. वाळल्या गवतावनं पाय घसरला म्हणत्यात.”

“अरे, पण तिथं काय करत होती ती?”

“मला काय ठावं मामा. मला वाटलं तुमाला ठावं असंल.”

ऑपरेशन झालं. तिथून भाच्यानं तिला इस्लामपूरला नेलं. बरा मुलगा आहे, सूनही करती-सवरती आहे, मला बोट ठेवायला जागा नाही. मी पंधरा दिवसांनी भेटायला गेलो. सपाट मुलूख, घराच्या चारी बाजूंनी ऊस, डोंगर कुठं नाही. आक्का खाटेवर बसली होती, पुढ्यात चालायचा लोखंडी घोडा. चेहरा लहान झाला होता. मी विचारलं, “त्या खडकाकडं कशाला तडमडली होतीस?”

“गुरं आडवाय गेले हुते,” ती म्हणाली.

तिनं गुरं दोन वर्षांपूर्वीच विकली होती. ते तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं. सून चहा घेऊन आली, तो मी बशीत ओतून प्यायलो. निघताना आक्का म्हणाली, “आता बॅटरी न्हाई दावायची. आता फोन हाय हितं.” फोन होताच. पण फोनवर काय बोलायचं हे आम्हा दोघांनाही कळायचं नाही. जेवलास का, जेवलो. तू जेवलीस का, जेवले. मग ठेवू का, ठेव. बॅटरीत कसं, बोलायची सक्तीच नव्हती.

तरी दिवेलागणीला मी सवयीनं अंगणात जायचो. समोरचा डोंगर काळा व्हायचा आणि काळाच राहायचा. हातातली बॅटरी लावायचो आणि बंद करायचो. लय एकटं वाटायचं. एक दिवस बॅटरीचं बटण अडकायला लागलं, म्हणून पाटणच्या बाजाराला नेली.

तिथं एक बाई मिक्सर, इस्त्र्या, बॅटऱ्या दुरुस्त करते. नवऱ्याचा ठेला होता, आता ती चालवते. तिनं बटण साफ केलं, बॅटरी लावून पाहिली आणि म्हणाली, “काका, बटण केलं. पण ही पार उतरलीया. नवी घ्या आता.”

“सेल ताजे आहेत,” मी म्हटलं. “आणि ही एलईडी आहे. एलईडी जात नाही.”

“जात न्हाई, उतरती. तापून तापून आतला पिवळा थर करपतो, मागचा आरसाबी काळवंडतो. रोज इतकी इतकी कमी व्हती, की डोळ्याला कळत न्हाई.”

मी तिला वर्तुळाचं सांगितलं. छत्तीस वर्षांचंही सांगितलं. ती ऐकत होती, हसली नाही, हे तिचे उपकार. मग तिनं फळीवरून त्याच कंपनीची नवी बॅटरी काढली, माझ्या बॅटरीतले सेल काढून तिच्यात घातले, ठेल्याचा पडदा ओढला आणि मागच्या पुठ्ठ्यावर उजेड पाडला. पुठ्ठा पांढराफटक झाला. मग तेच सेल माझ्या बॅटरीत घालून पुठ्ठ्यावर धरली. वर्तुळ तेवढंच पडलं, कणभर लहान नाही. पण आतला उजेड कसला, शिळ्या चहासारखा. “रुंदी आरशानं ठरती काका,” ती म्हणाली. “आठ वर्सांनी काय, ऐंशी वर्सांनीबी गोल तेवढाच पडंल. एकटी बघितली तर चांगलीच वाटती. शेजारी नवी लावल्याबिगर कळत न्हाई.”

तोंडात मारल्यासारखा मी उभा राहिलो. एवढी साधी गोष्ट. वायरमन म्हणवणाऱ्यानं आठ वर्षं उजेड किती रुंद आहे ते मोजलं, उजेड किती आहे ते मोजलंच नाही. आणि त्याच पायावर उभं राहून बहिणीचे डोळे गेले म्हणालो. मी नवी बॅटरी घेतली आणि जुनीही परत आणली. एसटीत बसल्यावर दुसरी गोष्ट लक्षात आली. आक्काची बॅटरी माझ्याबरोबरच घेतलेली, तीही अशीच उतरलेली असणार. मग मला ती शेवटपर्यंत चांगली कशी दिसत होती? याचं उत्तर मला तिथंच कळलं होतं, पण मी ते मनाशी कबूल करायला तयार नव्हतो. म्हटलं, बघून येऊ.

दुसऱ्या दिवशी दुपारी जुन्या बॅटरीत नवे सेल घातले आणि ती अंगणातल्या खांबाला, मी उभा राहतो त्याच उंचीवर, तारेनं बांधली. तोंड आक्काच्या घराकडं. लावली आणि तशीच जळती ठेवली. नवी बॅटरी आणि काठी घेतली आणि पायवाटेनं ओढ्यात उतरलो. चढताना चारदा बसलो. तिच्या घराला कुलूप होतं, अंगणात पाचोळा साचला होता. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत मी उंबऱ्यावर बसून राहिलो.

आमची वेळ झाली. मी उठून अंगणाच्या कडेला आलो आणि समोर पाहिलं. माझं गाव दिसत होतं, माझ्या घराचं छप्पर दिसत होतं. उजेड नव्हता. वाटलं, तार सुटली की काय. खाली फणसाजवळ गेलो. फणसाचा समोर बघायला काही अडथळा नव्हता, फांद्या पार दुसऱ्या अंगाला होत्या. तिथूनही उजेड नाही. खाचरांत उतरलो. डोळे फाडून बघितलं, एकदा आहे वाटायचं, पापणी लवली की नाही. खाचरं संपली, बांध आला, त्याच्या खाली वाळलेलं गवत आणि तो खडक. काठी रोवत, बूड टेकत टेकत मी तिथं पोचलो.

खडकावर एक पोतं चौपदरी घडी करून ठेवलेलं होतं. त्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून दगड. मी दगड बाजूला केला, पोत्यावर बसलो आणि समोर बघितलं. होता. एवढासा, पण होता, हलत नव्हता.

म्हणजे माझा उजेड जसजसा कमी होत गेला तसतशी ती खाली येत गेली. तो दिसेल तिथपर्यंत. सत्तरी ओलांडलेली बाई, रोज संध्याकाळी एवढं उतरायची आणि बॅटरी दाखवून अंधारात परत वर चढायची. आणि ती जवळ येत गेली म्हणून मला तिचा उजेड चांगला दिसत राहिला. मी तिकडं वर्तुळ भरतंय म्हणून खूश. धक्का बसला त्या दिवशी तर ती घाईनं उतरली असणार. मी तिथं पोत्यावर बसून रडलो. आईच्या दारात रडलो होतो तसा, आवाज काढून, आणि ऐकायला कुणी नव्हतं ते बरंच होतं.

तेवढ्यात खिशातला फोन टुणकन वाजला. आमच्या गावाचा टॉवर त्या खडकाला अगदी समोर येतो, तिथं रेंज होती. मी इस्लामपूरला लावला. सुनेनं फोन आक्काकडं दिला.

“जेवलास का?” तिनं विचारलं.

“आक्का, मी तुझ्या पोत्यावर बसलोय.”

पलीकडं कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

“बॅटरी लावून आलायस?”

“हो. जुनीच. खांबाला बांधलीय.”

“दिसती?”

“दिसती. इथून दिसती. वरून नाही दिसत. आक्का, माझं चुकलं गं.”

“माजं डोळं चांगलं हुतं,” ती म्हणाली. “मी सांगत हुते तुला.”

“हो.”

“बरं, ऊठ आता. गवतावनं पाय घसरतो तितं, बांधाच्या कडंकडंनं वर जा.”